फाडलेल्या नावाचं पत्रक

लोखंडी हत्ती सातपुडा कोणत्या वाटेनं चढला असता, यावर आमच्या संग्रामपुरात दोन संध्याकाळी भांडण झालं. एका गटाचं म्हणणं, जळगाव जामोदवरून बऱ्हाणपूरकडे जाणारी वाट त्यानं धरली असती. दुसऱ्या गटानं त्याला टुनकी-सोनाळ्याच्या अंगानं आंबाबरव्याच्या रानात घातलं. तिसरा गट एकाच माणसाचा. हा गृहस्थ खामगावकडे एका जिनिंगमध्ये बॉयलरवर बरीच वर्षं राबलेला. तो म्हणाला, "वाटीचं सोडा हो. पाणी कोठचं घेसान? आपल्या इकडच्या खाऱ्या पाण्यानं बॉयलर आठ दिवसात बसते." दोन्ही गट गप्प झाले. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला पाण्याचं दुखणं वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

हत्ती पुस्तकातला होता. फ्रेंच लेखक जूल व्हर्ननं 1880 साली प्रसिद्ध केलेल्या कादंबरीतला. कादंबरीचं नाव ‘वाफेचं घर’. भारतात घडते, आणि सुरू होते ती थेट औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. व्हर्न भारतात कधी आला नव्हता. प्रवासवर्णनं आणि नकाशे पुढ्यात घेऊन त्यानं हा देश उभा केला, आणि त्यात खलनायक म्हणून कोणाला बसवलं, तर नानासाहेब पेशव्यांना.

पुढच्या पानांत जे आहे ते या कादंबरीवरून झालेल्या बैठकांचं टिपण. हिवाळ्याचे दिवस, कापसाची वेचणी चाललेली, दिवेलागणीनंतर ओसरीवर आठ-दहा माणसं जमायची. मी इंग्रजी प्रतीवरून एकेक प्रकरण तोंडी मराठी करत सांगायचो आणि एक कॉलेजातली मुलगी दोनशे पानी वहीत सगळं उतरवून घ्यायची. सुरुवातीला तिनं फक्त गोष्ट उतरवली. तिसऱ्या दिवसापासून गोष्ट चार ओळींत आणि भांडण चार पानांत, असं प्रमाण झालं. ते तसंच ठेवलं आहे. प्रस्तावना लिहायचं माझ्याकडे आलं कारण भांडणात मी सगळ्यांत कमी बोललो. निदान वहीत तरी तसं दिसतं.

विषय दोन. खलनायक असं का वागतो, आणि हा जो समोर दिसतो तो खरंच तोच आहे का. विज्ञानकथेचे चाहते जगभर या दोन प्रश्नांवर रात्री जागवतात. यंत्र कसं चालतं यावर वाद फार टिकत नाही. बॉयलरवाला एक वाक्य बोलतो आणि तो मिटतो. माणसाचा हेतू आणि माणसाची ओळख यांवर मात्र प्रत्येकाला बोलता येतं, आणि प्रत्येकाला वाटतं की लेखकापेक्षा आपल्याला जास्त कळलं.

आधी गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं भांडण लागेल. 6 मार्च 1867 ची संध्याकाळ. औरंगाबादेत एक सरकारी पत्रक लागलं आहे: सत्तावनच्या बंडाचा एक म्होरक्या मुंबई इलाख्यात आल्याची खबर आहे, त्याला जिवंत किंवा मेलेला आणून देणाऱ्यास दोन हजार पौंड. पत्रकात नाव आहे ‘दांडू पंत’. नानांचं नाव धोंडोपंत; त्याचं फ्रेंच कानानं केलेलं हे रूप. ओसरीवर या नावानं जो हशा पिकला तो आवरायला वेळ लागला, "गिल्ली कोठी हाय मग?" असं कोणीतरी विचारलंच. पुढे ‘म्हणजेच’ म्हणून जे प्रसिद्ध नाव यायचं, तेवढा तुकडा एका फकिरानं फाडून नेला आहे. फकीर म्हणजे स्वतः नानाच. तिथून तो वेरूळच्या लेण्यांत उतरतो, आपल्या माणसांना भेटतो, आणि उत्तरेला नर्मदेच्या खोऱ्यातल्या डोंगरांत गोंडांच्या आसऱ्याला जातो. वेरूळहून नर्मदेला जायचं तर सातपुडा ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. आमची मंडळी एवढ्यावर उठून बसली. घराच्या मागच्या दारातून जो डोंगर निळा दिसतो, त्यातून एक खलनायक गेला म्हणजे तो निम्मा गावचाच झाला.

दुसरीकडे कलकत्त्याच्या बाजूनं एक अजब काफिला निघतो. पुढे पोलादी हत्ती, पोटात वाफेचं इंजिन, सोंडेतून धूर. मागे चाकांवरची दोन घरं. बँक्स नावाच्या इंजिनिअरनं हा हत्ती भुतानच्या राजासाठी बांधला. राजा मेला, आणि बँक्सनं तो स्वतःसाठी घेतला. या घरांत कर्नल मन्रो आहे. त्याची बायको कानपुरात मारली गेली असं तो समजतो, आणि त्यासाठी त्याला नाना हवा आहे. नानालाही मन्रो हवा आहे, कारण व्हर्नच्या गोष्टीत झाशीच्या राणीला मन्रोनं मारलं आहे. दोघं एकमेकांच्या शोधात. मध्ये वाघाच्या शिकारी, हिमालय, एक डच जनावरवाला, एक फ्रेंच निवेदक. नर्मदेच्या खोऱ्यात हातात मशाल घेऊन भटकणारी एक वेडी बाई आहे. ती शेवटी मन्रोचीच बायको निघते. मन्रोला तोफेच्या तोंडाला बांधलं जातं. गौमी नावाचा इमानी हिंदी नोकर त्याला सोडवतो. अखेर हत्तीचा बॉयलर फुटतो आणि नाना त्यात संपतो. ही शेवटाची ओळ ऐकल्यावर आमचा बॉयलरवाला म्हणाला, "हे पटलं. वाफ दाबून धरली त फुटतेच."

आता या कादंबरीच्या इंग्रजी अवताराचं ऐका, कारण तिथूनच पहिलं भांडण पेटलं. फ्रेंचमध्ये नाव साधं, ‘वाफेचं घर’. इंग्रजीत ती दोन भागांत आली आणि पहिल्या भागाचं नाव ठेवलं ‘कानपूरचा सैतान’, दुसऱ्याचं ‘वाघ आणि गद्दार’. फ्रेंच वाचकानं हत्तीसाठी पुस्तक उघडायचं, इंग्रज वाचकानं सैतानासाठी. आत मजकूर तोच. मुखपृष्ठावरच खलनायक ठरवून टाकला की त्याचा हेतू शोधायची कोणाला गरज पडत नाही. सैतानाला कारण लागत नाही, तो सैतान असतो एवढं पुरतं.

आमच्याकडे नाना ‘श्रीमंत’ आहेत. पाठ्यपुस्तकात त्यांचं चित्र आहे, रस्त्यांना नाव आहे. त्यामुळे पहिल्या दिवशी सगळे एकतर्फी. "आपल्या माणसाले खलनायक केलं नं यानं," या एका वाक्याचे पंधरा प्रकार वहीत आहेत. मी त्यातले तीन ठेवून बाकीचे गाळायला सांगितले.

मग खरं काय झालं होतं ते मांडावं लागलं. धोंडोपंत मूळचे कर्जतजवळच्या वेणगावचे. 1827 साली दुसऱ्या बाजीरावानं त्यांना दत्तक घेतलं. बाजीराव राज्य सोडून बिठूरला राहत होता, वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर. 1851 मध्ये तो वारला आणि कंपनीनं तनखा बंद केला, म्हणे तो त्याच्यापुरता होता. नानांनी अर्ज केले. अझीमुल्ला खानाला थेट लंडनला पाठवलं. हात हलवत परत यावं लागलं. 1857 च्या जूनमध्ये कानपुरात वेढा पडला. 27 जूनला सतीचौरा घाटावर, नावांत चढणाऱ्या इंग्रजांवर गोळ्या चालल्या. 15 जुलैला बिबिघरात कैदेतल्या बायका-मुलांची कत्तल झाली. तो हुकूम नेमका कोणाचा, यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही.

बिबिघराचा भाग मी सांगितला त्या संध्याकाळी ओसरीवर कोणी चहा प्यायलं नाही. आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्या म्हणाल्या, "तनख्यासाठी एवढं? आणि तनख्यासाठी नसलं, तर मग कशासाठी?" हा प्रश्न वहीत दोनदा अधोरेखित आहे. पुढचं सगळं भांडण या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत झालं. एक तरुण म्हणाला, मान गेला म्हणून. एक म्हातारे म्हणाले, दत्तकाला वारस न मानणं म्हणजे बाप नाकारणं; आठ लाख हा नुसता आकडा. दुसरे म्हातारे म्हणाले, शिपायांनी त्यांना पुढे केलं, मागे फिरायची सोय ठेवली नाही. एकानं तर नानांना पूर्ण सोडवून टाकलं, त्यांना काही माहीतच नव्हतं असं म्हणून. त्या वेळी शिक्षिकाबाई इतक्या चिडल्या की वहीतलं ते पान अर्धं कोरं आहे.

मला या भांडणात एक गोष्ट दिसली. बाईंच्या प्रश्नाला उत्तर द्यायला आमच्या प्रत्येकानं काही ना काही कारण पुढे केलं: तनखा, मान, दत्तक, दबाव. व्हर्ननं यातलं जवळजवळ काहीच वापरलं नाही. त्यानं नानाला सूड दिला, आणि तो सूडही मन्रोच्या सुडाच्या मापानं बेतलेला. याची बाई त्यानं मारली, त्याची बाई यानं. बिठूरचा तनखा, लंडनची खेप, रिकाम्या हातानं परतलेला वकील, हे सगळं त्याला माहीत असायला हरकत नव्हती. पण ते आत घेतलं असतं तर वाचक हत्तीवरून उतरून बिठूरच्या दारात जाऊन बसला असता.

आणि हाच व्हर्न दुसऱ्या एका पुस्तकात अगदी उलटा वागला आहे. कॅप्टन निमो. मराठी वाचकाला तो भा. रा. भागवतांच्या ‘समुद्रसैतान’मुळे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पाणबुडीत राहणारा, जहाजं फोडणारा, तरी मोत्यांसाठी बुडी मारणाऱ्या एका गरीब हिंदी माणसाचा जीव शार्कच्या तोंडातून वाचवणारा. ही कादंबरी 1869-70 ची. तिच्यात निमो कोण आणि कोणावर चिडलेला, याचा पत्ता व्हर्ननं लागू दिला नाही. कारण गंमतीचं आहे. व्हर्नच्या मनात निमो पोलंडचा होता, रशियानं ज्याचं घरदार उद्ध्वस्त केलं असा. प्रकाशक हेट्झेल आडवा आला; रशियन गिऱ्हाईक आणि रशियाशी संबंध बिघडायला नकोत. म्हणून पोलंड गेलं, रशिया गेला, हेतू कोरा राहिला. पाच वर्षांनी ‘गूढ बेट’ आलं आणि निमोनं मरता मरता आपलं नाव सांगितलं: राजपुत्र डक्कर, बुंदेलखंडच्या एका राजाचा मुलगा, टिपू सुलतानाच्या नात्यातला, युरोपात शिकलेला, सत्तावनच्या बंडात लढलेला, बायको-मुलं गमावलेला.

हे मी सांगितलं तेव्हा कॉलेजातल्या मुलीनं पेन खाली ठेवलं. "म्हणजे निमो आणि नाना एकच की," ती म्हणाली. एकच लेखक, एकच बंड, एकच दुःख, दोघांच्या हाताशी एकेक यंत्र. निमोच्या हातात पाणबुडी, नानाच्या वाट्याला शत्रूचा हत्ती. एकाला वाचक डोक्यावर घेतो, दुसऱ्याला सैतान म्हणतो. फरक एवढाच की निमोला बोलायला मरणशय्येवर अख्खं प्रकरण मिळालं.

वहीतलं मला सगळ्यांत आवडलेलं वाक्य हे तिचं आहे आणि ते मी तिच्या परवानगीनं इथे वापरतो आहे. पुढे तिनं आणखी एक शोध लावला. निमोच्या दोन पुस्तकांतली सालं जुळत नाहीत. ‘गूढ बेट’ 1865 मध्ये सुरू होतं आणि त्यातला म्हातारा निमो आपल्या त्या प्रसिद्ध सफरीला सोळा वर्षं झाल्याचं सांगतो. पण ती सफर पहिल्या पुस्तकात 1867 ला निघते. जगभरच्या चाहत्यांनी यावर डोकं खाजवलं आहे. आमच्या ओसरीवर याचा निकाल अर्ध्या मिनिटात लागला: "मंग दोन निमो असतीन."

तर दुसरा विषय. हुबेहूब दिसणारी माणसं.

व्हर्नच्या नानाला एक भाऊ आहे, बलावराव. दिसायला तंतोतंत नानासारखा. पहिल्या भागाच्या अखेरीस इंग्रज सरकार नानाला मारल्याचं जाहीर करतं. मेलेला असतो भाऊ. खरा नाना त्या बातमीच्या आड मोकळा फिरतो. खऱ्या नानांनाही बाळाराव नावाचा भाऊ होता, त्याला नेपाळच्या तराईत मरण आलं. हुबेहूबपणा मात्र व्हर्ननं पदरचा घातला.

पण तो फार पदरचा म्हणावा, असं मला वाटत नाही. 1859 नंतर नाना नेपाळच्या जंगलात दिसेनासे झाले. डोक्यावर एक लाखाचं बक्षीस. त्यानंतर कित्येक वर्षं ‘नाना’ सापडत राहिले. 1863 मध्ये अजमेरला एक सापडला. 1874 मध्ये ग्वाल्हेरला एक माणूस ‘मीच नाना’ म्हणाला. शिंद्यांनी त्याला इंग्रजांच्या हवाली केलं, कानपूरला नेलं, खऱ्या नानांना पूर्वी ओळखणाऱ्यांना दाखवलं, आणि तो नाना नव्हे असं ठरलं. पुढे 1895 मध्ये गुजरातेत आणखी एक. म्हणजे व्हर्न लिहीत होता तेव्हा सरकारच्या खात्यात नानांचे जुळे जमा होतच होते. तात्या टोप्यांचीही तीच कथा. 1858 च्या नोव्हेंबरात तात्या नर्मदा ओलांडून मुलताईपर्यंत आले होते, म्हणजे आमच्या सातपुड्याच्या पलीकडच्या अंगाला. 18 एप्रिल 1859 ला शिवपुरीत त्यांना फाशी दिलं. फासावर चढलेला तात्या नव्हता, असं सांगणारी माणसं तेव्हापासून आजवर आहेत.

मराठीला या प्रकारासाठी स्वतःचा, कडक शब्द आहे: तोतया. ‘सारखा दिसणारा’ एवढ्यानं भागत नाही. तोतया म्हणजे जो सारखा दिसतो आणि त्या दिसण्यावर हक्क सांगतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा मृतदेह सगळ्यांना पटेल असा ओळखला गेला नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही. मग एक माणूस उभा राहिला, मीच भाऊ म्हणून. त्याला रत्नागिरीच्या किल्ल्यात ठेवलं. 1776 मध्ये तो सुटला, सैन्य जमवलं, कोकणातले किल्ले घेतले, पेशवाईची झोप उडवली, आणि त्याच साली पुण्यात त्याला मारलं. न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं.

या तोतयाला एवढी माणसं कशी मिळाली? ओसरीवर याचं उत्तर म्हाताऱ्यांनी लगेच दिलं: लोकांना भाऊ परत हवे होते. चेहरा किती जुळतो याची चौकशी नंतर. विज्ञानकथेतला जुळा आणि इतिहासातला तोतया यांत मला इथे फरक दिसतो. विज्ञानकथेतला जुळा वाचकाला फसवायला येतो. तोतयाला तर वाचकच बोलावून आणतो.

मराठी विज्ञानकथेनं हा खेळ फार सुरेख खेळला आहे, आणि तो डॉ. जयंत नारळीकरांनी. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ मध्ये एक क्रिकेटचा गोलंदाज मोबियस पट्टीच्या तत्त्वानं अंतर्बाह्य उलटा होऊन येतो. माणूस तोच, चेहरा तोच, फक्त डावं ते उजवं झालेलं. आरशातला माणूस बाहेर चालत आला तर जे होईल ते. ओळख पटते ती गणपतीच्या सोंडेवरून. परदेशी चाहत्यांकडे याच जातीचं एक जुनं उदाहरण आहे: 1967 मध्ये ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेनं एक आरशातलं विश्व दाखवलं, मालिकेतल्या स्पॉक या पात्राचा तिथला जुळा दाढीवाला. तेव्हापासून तिकडे दुष्ट जुळा दाखवायचा तर त्याला दाढी लावतात. आमच्याकडे सोंड फिरली. मला विचाराल तर सोंड जास्त बरी. दाढी कोणीही वाढवतो.

नारळीकरांची दुसरी गोष्ट ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अशा जगात जाऊन पडतात जिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी चाटून गेली आणि मराठे जिंकले. त्या जगातल्या मुंबईत ते आपल्या मुलाला त्याच्या कचेरीत शोधतात. तिथे त्या नावाचं कोणी नाही. इथे जुळा हजर नसणं हीच भीती आहे. आणि आमच्या एका म्हाताऱ्यांनी त्यावर जे जोडलं ते मी कुठे वाचलेलं नाही: त्या जगात भाऊंच्या तोतयाला कामच उरलं नसतं. जिंकलेल्या लढाईतून तोतये येत नाहीत.

बरं, नारळीकर स्वतःच एकदा तोतया झाले होते. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवताना त्यांनी नाव घातलं नारायण विनायक जगताप. आपल्या आद्याक्षरांचा आरसा. अक्षर ओळखू नये म्हणून मजकूर पत्नीच्या हातानं उतरवला. बक्षीस पहिलं आलं, मग खरं नाव उघड झालं. मे 2025 मध्ये ते गेले, त्या आठवड्यात आमच्या बैठकीत ‘कृष्णविवर’ वाचली गेली; वहीत ती नोंद नाही, कारण त्या दिवशी भांडण झालं नाही.

पुण्यात नोकरी करणारा गावचाच एक मुलगा दिवाळीला आला होता, त्यानं ‘स्टार ट्रेक’मधला खान आणला. खान नूनियन सिंग. 1967 मधल्या एका भागात तो पहिल्यांदा दिसतो. जहाजावरची एक अधिकारी त्याला पाहून हा उत्तर हिंदुस्थानातला, बहुधा शीख, असा अंदाज करते. भूमिका केली मेक्सिकन नट रिकार्डो माँटलबाननं. 1982 च्या चित्रपटात तो परत येतो, सूड घ्यायला. कप्तान कर्कनं त्याला एका ग्रहावर सोडलेलं असतं, ग्रह नापीक होतो, खानाची बायको मरते. 2013 मध्ये तोच खान पुन्हा, आता गोरा इंग्रज नट बेनेडिक्ट कंबरबॅच. नाव तेच, चेहरा दुसरा, हेतूही दुसरा: त्याची माणसं दुसऱ्याच्या ताब्यात आहेत.

मुलानं हे सगळं मोठ्या उत्साहानं सांगितलं आणि मंडळींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग शिक्षिकाबाई म्हणाल्या, "पुन्हा बायको." मन्रोची बायको, डक्करची बायको, खानाची बायको. पुरुषाला राग आणायचा तर आधी त्याची बायको मारायची, हा लेखकांचा जुना धंदा. व्हर्नच्या मशालवाल्या बाईला पूर्ण कादंबरीत एक धड वाक्य बोलता येत नाही, हे बाईंनी दाखवून दिलं. तिचा हेतू कोणी विचारला नाही. त्यावर वहीत एक छोटा, थोडा तिखट मजकूर आहे. तो तसाच छापावा असा माझा आग्रह राहिला.

आणखी एका माणसाबद्दल लिहायला हवं: कालागनी. काफिल्यात वाटाड्या म्हणून शिरतो, विश्वास मिळवतो, मन्रोला नानाच्या हाती देतो. इंग्रजी शीर्षकातले ‘गद्दार’ ते हेच. आणि त्याच्यासमोर गौमी, धन्यासाठी जीव टाकणारा. व्हर्नच्या हिशेबात एक वाईट, एक चांगला. आमच्या ओसरीवर मतदान झालं तेव्हा पाच हात कालागनीसाठी वर गेले, दोन गौमीसाठी. बॉयलरवाल्यानं हात वर केला नाही. त्याचं म्हणणं, दोघंही नोकरीत होते; कोणाचा मालक कोण, एवढाच प्रश्न. या मुद्द्यावर माझं त्याच्याशी पटत नाही. गौमी सबंध पुस्तकभर आज्ञा पाळतो, कालागनी निदान ठरवतो. पण वहीत माझ्या मताला दोनच ओळी आल्या आहेत आणि त्याच्या मताला पान, तेव्हा इथे भरपाई करून घेतो.

चुकाही सापडल्या, त्या वाचकांनी मजेनं घ्याव्यात. मुंबईच्या गव्हर्नरचं पत्रक औरंगाबादेत लागलं, हे एका निवृत्त तलाठ्याला पहिल्याच दिवशी खटकलं. 1867 मध्ये औरंगाबाद निजामाच्या हैदराबादेत. मुंबई इलाख्याचा तिथे संबंध काय? वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या ताब्यात होता, तिथे लावलं असतं तर एक वेळ चाललं असतं. तलाठी माणूस हद्द बरोबर धरतो. शिवाय त्यानं एक गोष्ट शोधून आणली जी मला ठाऊक नव्हती असं नाही, पण सुचली नव्हती: ज्या 1867 साली व्हर्नचं पत्रक लागतं त्याच साली आपल्या शेगाववरून जाणारी रेल्वे नागपूरला पोचली. तीन वर्षांत खामगावचा फाटा झाला. वाफेचं जनावर कापूस घेऊन मुंबईला धावत होतं, सोंडेशिवाय. 1900 साली ‘केरळ कोकिळ’ मासिकात व्हर्नची चांद्रसफर मराठीत यायला लागली, तेव्हा वऱ्हाडच्या वाचकाला इंजिन नवीन राहिलं नव्हतं; चंद्र तेवढा नवीन होता.

वहीची भाषा वऱ्हाडी आहे आणि ती प्रमाण करायला मी साफ नकार दिला. ‘काहून’ला ‘का’ केलं की प्रश्नातली चिडच जाते. काही पानांवर तेलाचे डाग होते. त्याखालचा मजकूर मुलीनं आठवून पुन्हा लिहिला. ज्याचं वाक्य त्याला ते दाखवलं. दोघांनी आपली वाक्यं बदलून मागितली, एकानं काढून टाकायला लावलं. ज्यानं काढायला लावलं त्याचंच म्हणणं सगळ्यांत धारदार होतं, पण त्याचा हेतू मी विचारला नाही.

शेवटच्या पानावर चित्र आहे. आठवीतल्या एका मुलानं काढलेलं, तो आजोबांबरोबर यायचा आणि एकदाही बोलला नाही. एक भिंत, भिंतीवर पत्रक, पत्रकाचा खालचा कोपरा फाडलेला. बक्षिसाची रक्कम नीट आकड्यांत आहे. ‘दांडू पंत’ लिहून ते खोडलं आहे आणि वर ‘धोंडोपंत’ केलं आहे. ‘म्हणजेच’ नंतर कागद संपतो. भिंतीच्या कडेला पाठमोरा एक माणूस चालला आहे, मुठीत कपटा. त्याच्या पुढे, चित्राच्या अगदी काठावर, तसाच आणखी एक पाठमोरा माणूस आहे. मी मुलाला विचारलं, यातला नाना कोणता रे? तो म्हणाला, "ज्याच्या मुठीत कागद नाई, तो."

छापखान्यानं चित्र थोडं लहान केलं आहे. मूठ दिसते.